खडकीचे धनराज

खेळाडूच्या चरित्रास ह्या सदरात जागा असावी की नाही, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल. संत, कवी, वैयाकरण, फार तर एखादा समाजसुधारक, इतक्यांपुरतीच आमची लेखणी चालावयाची, अशी अनेकांची समजूत आहे, व ती करून देण्यास आम्हीच कारण झालो आहो. परंतु तिवसा येथे सायंकाळी आमच्या ओसरीवर बसणाऱ्या मंडळींत एक विषय अलीकडे फिरून फिरून निघतो. घरातील मुलगा मैदान सोडीत नाही. त्यास आवरावे की जाऊ द्यावे? आजोबांचा प्रश्न ठरलेला असतो, "खेळून का कोठे पोट भरते?" आई गप्प असते, कारण तिला मुलाच्या चेहऱ्यावरचे सुख दिसत असते. ह्या प्रश्नास तत्त्वचर्चेने उत्तर देण्यापेक्षा एका माणसाचे आयुष्य वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

घरोघरची तरुण मंडळी ब्राझील देशाच्या फुटबॉलपटूंची नावे आपल्या आप्तांच्या नावांप्रमाणे घेतात. त्यांतील गारिंचा ह्याची हकीकत आधी थोडक्यात सांगतो. तिचे पुढे काम पडणार आहे. रिओ शहरानजीकच्या पाऊ ग्रांदे ह्या कापडगिरणीच्या गावी १९३३ साली हा जन्मला. त्याचे दोन्ही पाय वाकडे होते. लहानपणीच गिरणीत कामास लागला. परंतु चेंडू पायाशी आला म्हणजे त्याच वाकड्या पायांनी तो समोरच्या धडधाकट गड्यास असा चकवी की प्रेक्षकांस हसू आवरत नसे. १९५८ व १९६२ अशा दोन्ही वेळी ब्राझीलने जगज्जेतेपद मिळविले, त्या दोन्ही संघांत तो होता; आणि १९६२ साली पेले जायबंदी होऊन बाहेर बसला, तेव्हा संघाचा भार मुख्यत्वेकरून ह्यानेच वाहिला. हा भोळा मनुष्य आपल्या क्लबास कोऱ्या करारावर सही करून देत असे, असे सांगतात. रक्कम मागाहून दुसरे कोणी भरीत. दारूने त्याचा घात केला, आणि १९८३ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तो विपन्नावस्थेत वारला. त्याच्या अंत्ययात्रेस लोटलेल्या गर्दीत त्याच्या हक्काचा पैसा कोठे गेला हे विचारणारे किती होते, कोण जाणे!

असाच एका कारखान्याच्या आश्रयाने वसलेल्या वस्तीतला, असाच आघाडीचा गडी आपल्या महाराष्ट्रात झाला. खेळ मात्र फुटबॉलचा नव्हे, हॉकीचा. त्याने कोऱ्या कागदावर सही केली नाही, आणि त्याची किंमत त्यास मोजावी लागली. श्री. धनराज पिल्ले हे ते गृहस्थ.

खडकी म्हटले की आमच्यासारख्या इतिहास शिकविलेल्या माणसास ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते, आणि मन थोडे खट्टू होते. पुढे इंग्रजांनी तेथे छावणी वसविली, दारूगोळ्याचा कारखाना काढला, आणि देशोदेशींची माणसे पोटासाठी तेथे येऊन राहिली. त्यांतच पिल्ले हे तमिळ कुटुंब होते. वडील मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. १६ जुलै १९६८ रोजी त्यांच्या घरी चौथा मुलगा झाला. घरात धन नव्हते, म्हणून नावाने तरी दैव पालटेल ह्या आशेने मुलाचे नाव धनराज ठेविले, असे म्हणतात. समास सोडविण्याची आमची जुनी खोड; धनाचा राजा, षष्ठी तत्पुरुष. विग्रह सोपा आहे, अर्थ लागावयास मात्र पुष्कळ वर्षे गेली.

भावंडे सारीच हॉकी खेळत. कारखान्याच्या वसाहतीतील मऊ धुळीच्या मैदानावर मोडक्या काठ्या आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू ह्यांवर त्यांचा खेळ चाले. धनराजांपाशी स्वतःची काठी नव्हती. मित्रांची काठी मोकळी होईल तेव्हा ती मागून घ्यावयाची. पुढे थोरल्या भावाची निवड मोठ्या शिबिरासाठी झाली व त्याने आपली जुनी काठी धाकट्यास दिली, हीच धनराजांची पहिली काठी. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस ह्यात नवल वाटणार नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर, थोरल्याचे पुस्तक धाकट्याच्या दप्तरात, ही आपल्याकडची रीतच. परंतु जुन्या सदऱ्याने अंग झाकते, जुन्या काठीने घर वर येते, हा अनुभव थोड्यांचाच.

शाळेत त्यांची गती बेताची होती. दहावीच्या पुढे शिक्षण गेले नाही. हॉकी नसती तर आपणांस शिपायाचीही नोकरी मिळाली नसती, असे त्यांनी एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे. गंमत अशी की, हीच मुलाखत पुढे इयत्ता सातवीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात धडा म्हणून घालण्यात आली! शाळेने ज्यास पुढे जाऊ दिले नाही, त्याचाच धडा शाळेस शिकवावा लागला. त्या मुलाखतीत त्यांनी आईविषयी जे सांगितले आहे, ते वाचून कोणाचेही मन हलेल. पाच मुलांचा संसार तिने ओढला, आणि यश मिळाले तरी ते नम्रतेने पचवावे ही शिकवण तिची. थोरली वहिनीही आपणांस आईसारखीच, असे ते म्हणतात.

१९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते मुंबईस भाऊ रमेश ह्यांच्याकडे गेले. रमेश तेव्हा तेथे नामांकित संघाकडून खेळत. भावाच्या देखरेखीखाली धाकट्याचा वेग आणखी वाढला, आणि मग महिंद्र कंपनीच्या संघात त्यांना जागा मिळाली.

येथे थोडे विषयांतर करून हॉकीची तत्कालीन अवस्था सांगणे अवश्य आहे, नाहीतर ह्या माणसाने काय केले ते नीट उमगणार नाही. १९२८ पासून १९७२ पर्यंत एकही ऑलिंपिक असे झाले नाही की ज्यातून भारताचा हॉकीसंघ पदकावाचून परतला. १९३६ साली बर्लिन येथे ध्यानचंदांच्या संघाने यजमान जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. त्याच सोहळ्यात आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळ करून दाखवीत होते, तेव्हा वऱ्हाडी माणसाने हॉकी अगदीच परकी मानण्याचे कारण नाही. परंतु १९७६ साली माँट्रिअल येथे गवताच्या जागी कृत्रिम हिरवळ अंथरली गेली, आणि आपला संघ एकदम सातव्या क्रमांकावर घसरला. खऱ्या गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो. त्यास काठीच्या टोकाशी खेळवीत नेण्याची जी नजाकत आपल्या लोकांनी साधली होती, तिचे तेथे मोल होते. कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरळ व वेगाने धावतो. तेथे दम, धाव आणि जोरकस फटका ह्यांचे राज्य. शिवाय अशी हिरवळ अंथरणे अतोनात खर्चाचे. युरोपातील देशांनी ती गावोगावी अंथरली, आपल्याकडे मोठमोठ्या शहरांतही तिचा अभाव. १९८० साली मॉस्कोस सुवर्णपदक मिळाले खरे, परंतु त्या वेळी अनेक बलाढ्य देशांनी बहिष्कार घातला होता. त्यानंतरचे ऑलिंपिक पदक थेट टोकियोचे, २०२१ सालचे. मधली एक्केचाळीस वर्षे कोरडी गेली.

धनराजांची सारी कारकीर्द ह्या कोरड्या काळात पडली. कृत्रिम हिरवळ त्यांनी प्रथम पाहिली ती १९८८ साली, दिल्लीस राष्ट्रीय स्पर्धेस गेले तेव्हा, वयाच्या विसाव्या वर्षी. आणि त्यापुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८९ मध्ये, ते देशाच्या संघात होते! धुळीत शिकलेला मनुष्य इतक्या अल्पावधीत त्या हिरवळीवर युरोपियनांच्या बरोबरीने धावू लागला, ह्यातच त्याची योग्यता आली. हॉकीत बचाव करणारा गडी चुकला तर गोलरक्षक सावरून घेतो. आघाडीच्या गड्याचे तसे नाही. त्याचे यश आणि अपयश दोन्ही उघड्यावर. धनराज मैदानाच्या मध्याजवळ चेंडू घेत व मान किंचित पुढे करून, केस उडवीत, दोनतीन गड्यांस मागे टाकून गोलाच्या अर्धवर्तुळात शिरत. प्रतिपक्षाचे सारे त्यांच्यावर धावून आले म्हणजे चेंडू मोकळ्या सोबत्याकडे सरकवीत. म्हणून त्यांनी स्वतः केलेल्या गोलांपेक्षा त्यांनी इतरांकडून करविलेले गोल पाहणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले आहेत.

चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चँपियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा, असा पट पुरा करणारा दुसरा हॉकीपटू नाही. देशासाठी ३३९ सामने. १९९४ साली सिडनीच्या विश्वचषकानंतर जो जागतिक अकरांचा संघ निवडण्यात आला त्यात भारताचे ते एकटेच होते. परंतु ह्या चारांच्या चौकडीत संघाची फलश्रुती पाहू गेल्यास मन उदास होते. बार्सिलोना सातवा, अटलांटा आठवा, सिडनी सातवा, अथेन्स सातवा. २००० सालच्या सिडनीत तर पोलंडशी सामना जिंकला असता म्हणजे उपांत्य फेरी गाठली असती. अखेरच्या क्षणांत गोल झाला व १-१ अशी बरोबरी होऊन सारे हातचे गेले. धनराज त्या दिवशी मैदानातच रडले. बत्तीस वर्षांचा पुरुष असा रडतो, हे कित्येकांस रुचले नाही. आम्हांस त्यात लाजिरवाणे असे काही वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९९८ साली बँकॉक येथे आशियाई स्पर्धा झाल्या. धनराज कर्णधार होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली, आणि पेनल्टी फटक्यांत गोलरक्षक आशिष बल्लाळ ह्यांच्या शर्थीने भारताने सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धांतले आधीचे हॉकीचे सुवर्ण १९६६ सालचे, तेही बँकॉकचेच. बत्तीस वर्षांनी पदक आले! देशभर आनंद झाला. आणि मग? पाकिस्तानविरुद्धच्या पुढच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला, त्यात कर्णधार नाही, गोलरक्षक नाही, सहा ज्येष्ठ खेळाडू नाहीत. त्यांस विश्रांती दिली आहे, असे सांगण्यात आले. ती विश्रांती नसून, मानधन व भत्ता ह्यांविषयी मागणी केल्याची आणि व्यवस्थापनावर उघड टीका केल्याची शिक्षा होय, अशीच त्या वेळी सर्वत्र समजूत झाली.

ह्यावर दोन तऱ्हेची मते आमच्या कानी आली आहेत. देशासाठी खेळावयाचे त्यात पैशाची भाषा कसली, असे एक मत. हे मत मांडणारे बहुधा सेवानिवृत्तिवेतन घेणारे असतात! खेळाडूने पैसा घेऊ नये ही कल्पना मुळात विलायतेतील सुखवस्तू घराण्यांची. घरी बसल्या जमिनीचा खंड येतो, मग हौसेखातर खेळण्यास काय अडचण? ज्याचा बाप मैदानाची निगा राखून पाच मुले पोसतो, त्यास हा नियम लावणे म्हणजे उपाशी माणसास एकादशीचे माहात्म्य सांगणे होय. आपल्या खाशाबा जाधवांस १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तेव्हा पैशाची जुळवाजुळव व्हावयास कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर सात हजार रुपयांस गहाण टाकिले. खाशाबांनी त्याचे चीज करून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. आमच्या पेशातल्या माणसाने हे केले ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु प्राचार्यांनी घर गहाण टाकल्याशिवाय देशाचा मल्ल देशाबाहेर पडू शकत नव्हता, ही गोष्ट अभिमानाची नव्हे.

ह्या बाबतीत आम्ही थोडे तिखट लिहीत आहो, त्यास कारण आहे. आमच्या उमेदीच्या काळात एका खाजगी शाळेत आम्ही काही वर्षे काढली. तेथे वेतनपत्रकावर सही एका आकड्यापुढे होई आणि हातात येई तो आकडा निराळा. विद्यादान हे पवित्र कार्य, असे भाषण दर वर्षी गुरुपौर्णिमेस होत असे. एका तरुण गणितशिक्षकाने एकदा सरळ उभे राहून विचारले, "कार्य पवित्र आहे तर हिशेब अपवित्र का?" त्यास पुढच्या जूनमध्ये कामावर घेतले नाही. तो फार चांगले गणित शिकवीत असे. धनराजांची हकीकत वाचताना आम्हांस तो शिक्षक आठवतो.

दुसरे मत असे की, मागणी रास्त असेल, पण मनुष्य तापट. हे मात्र खरे. पंचांशी, अधिकाऱ्यांशी, वार्ताहरांशी त्यांचे खटके उडत. लहानपणापासून मनात असुरक्षितता होती, आईचे कष्ट पाहिले होते, त्यातून हा स्वभाव झाला, असे त्यांनीच सांगितले आहे. मनात येते ते तोंडावर बोलतो आणि मागाहून पस्तावतो, असेही. आमच्या संस्कृत साहित्यशास्त्रात अमर्ष नावाचा एक भाव तेहतीस व्यभिचारी भावांत गणला आहे. अपमान सहन न होणे, तो अमर्ष. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या पहिल्याच सर्गात द्रौपदी धर्मराजास जे खडसावते, त्याचे मर्म हेच की ज्याच्या ठायी अमर्ष नाही त्यास जग जुमानीत नाही. गारिंच्यापाशी अमर्ष नव्हता. तो हसतहसत लुटला गेला, आणि जग त्याच्या भोळेपणाचे कौतुक करीत राहिले. घरात आम्ही मुलांस नम्रता शिकवितो, ते योग्यच. परंतु नम्रता आणि मुकाट्याने सही करणे ह्यांत अंतर आहे, हे शिकविण्याचा धडा कोणत्या इयत्तेत घालावा?

धनराज त्या अवकृपेतून परत आले. १९९९-२००० चा खेलरत्न पुरस्कार त्यांस मिळाला, मागाहून पद्मश्रीही. पैसा त्यांनी मिळविला तो बव्हंशी परदेशी क्लबांकडून. लंडन, फ्रान्समधील लियों, जर्मनीतील स्टुटगार्ट, मलेशिया, ढाका, कोठे कोठे ते खेळले! तिकडे धावण्याचा मोबदला मिळे, इकडे टाळ्या. मुंबईत तर नावारूपास आल्यावरही ते लोकलगाडीने जात, आणि त्यांचे तसे छायाचित्र वर्तमानपत्रात झळकले होते. पहिली मोटार जुनी, वापरलेली, तीही नोकरीच्या कंपनीने दिलेली. १९९९ साली महाराष्ट्र सरकारने पवई येथे घर दिले, हे नमूद केले पाहिजे.

२००२ साली कोलोन येथील चँपियन्स ट्रॉफीत भारत चौथा आला, परंतु स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून चौतीस वर्षांच्या धनराजांची निवड झाली. २००३ साली क्वालालंपूर येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया चषक प्रथमच जिंकला. आणि २००४ साली अथेन्स येथे, चौथ्या ऑलिंपिकच्या अखेरच्या सामन्यात, पंधरा वर्षे देशाची आघाडी सांभाळलेल्या ह्या गड्यास काही मिनिटेच मैदानात उतरविण्यात आले. तेवढ्यावर कारकीर्द आटोपली. निरोप असा नव्हता. तो कोणी द्यावा हे ठरलेच नव्हते. पुढे त्यांचे चरित्र इंग्रजीत निघाले, त्याच्या नावातच त्यांनी आईची क्षमा मागितली आहे.

ह्या माणसाने एकंदर गोल किती केले, असा प्रश्न आमच्या घरातील एका मुलाने विचारला. तेंडुलकरांच्या धावा जशा एकेक करून मोजून ठेविल्या आहेत तसे काही असेल, अशी त्याची समजूत. तसा अधिकृत आकडा उपलब्ध नाही. ३३९ सामने खेळलेल्या आघाडीच्या खेळाडूचे गोल मोजून ठेवण्याची तसदी हॉकीच्या संघटनेने घेतली नाही. खुद्द त्यांच्या अंदाजाने ते एकशे सत्तरच्या घरात जातात. मुलगा थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "मग त्यांनी स्वतःच लिहून ठेवायचे ना, आजोबा."

निवृत्तीनंतर धनराजांनी मुंबईत मुलांसाठी हॉकीची प्रबोधिनी चालविण्याचा उद्योग मांडला. त्यास निधी हवा. तो उभारण्याची त्यांनी योजलेली युक्ती अशी होती की, कचेऱ्याकचेऱ्यांतून संगणकाच्या छपाईयंत्रांची शाई संपलेली रिकामी कार्ट्रिजे गोळा करावयाची आणि ती विकून येणारा पैसा मुलांच्या खेळासाठी लावावयाचा.